तक्त्यातली तारीख: अंदाज की वचन?

(मनीषनगर, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन परिचितांचे फोन आले. सर, तुम्ही आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलं, आता हे सॉफ्टवेअर प्रकल्पांचं वेळापत्रक मध्येच कुठून काढलं? प्रश्न रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर असं, की आम्ही मनीषनगरात राहतो. वर्धा रोडने पुढे गेलं की मिहान, आणि मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल. आमच्या इमारतीतली तरुण मुलं-मुली रात्री अकराला लिफ्टमध्ये भेटतात. ‘काय रे, एवढा उशीर?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘काका, रिलीज आहे.’ रिलीजची तारीख कोणी ठरवली हे विचारलं, की मग मात्र उत्तर येत नाही. कोणीतरी ठरवली असते. चार्टमध्ये असते.

हा चार्ट म्हणजे काय चीज आहे ते आम्ही मागवून पाहिलं. एक सांगून ठेवतो, आम्ही प्रोग्रॅमिंग केलेलं नाही आणि त्याबद्दल बोलणारही नाही. पण चार्ट ही एक वाचायची वस्तू आहे. त्यात विधानं आहेत. विधान खरं कशामुळे ठरतं, कोणत्या आधारावर केलं जातं, हा तर आमचाच धंदा. तेव्हा एखाद्या ग्रंथाची समीक्षा करावी तशी आज या चार्टची आणि त्याच्या जोडीला येणाऱ्या ‘रिस्क रजिस्टर’ची करू.

तर चार्ट असा असतो. डावीकडे कामांची नावं एकाखाली एक, वरच्या बाजूला तारखा, आणि प्रत्येक कामापुढे एक आडवी पट्टी. पट्टी जिथे सुरू होते तिथे काम सुरू, जिथे संपते तिथे काम संपलं. याला गॅंट चार्ट म्हणतात, हेन्री गॅंट या अमेरिकन अभियंत्याच्या नावावरून. त्याच्याही आधी पोलंडचे कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ मध्ये अशाच प्रकारचा आलेख केला होता, पण त्यांनी लिहिलं पोलिश आणि रशियन भाषेत, त्यामुळे नाव राहिलं गॅंटचं. भाषेमुळे श्रेय हुकण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही, असो.

गॅंटचा काळ पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा आणि जागा कारखान्याची. यंत्रावर दिवसाला किती नग व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात किती झाले, हे शेजारी शेजारी दिसावं हा त्या आलेखाचा मोठा उपयोग. म्हणजे ठरवलेलं आणि घडलेलं एकाच कागदावर. आणि तिथलं काम रोज तेच. काल शंभर नग झाले, परवा शंभर झाले, उद्याही शंभरच्या आसपास होतील. हे अनुमान चांगलं आहे, कारण त्याच्यामागे नियत संबंध आहे. आमच्या शास्त्रात त्याला व्याप्ती म्हणतात.

आता सॉफ्टवेअरकडे या. तिथे तीच पट्टी, तोच कागद, पण काम पहिल्यांदाच होणार असतं. तेच काम आधी झालं असतं तर सॉफ्टवेअर तयारच असतं, कॉपी केलं की झालं. बघा, म्हणजे जिथे पूर्वानुभव सर्वांत कमी, तिथे आपण पूर्वानुभवावर उभी असलेली आकृती जशीच्या तशी आणून ठेवली.

हे लोकांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी ‘पर्ट’ नावाची पद्धत काढली. तिच्यात प्रत्येक कामाला एकाऐवजी तीन अंदाज द्यायचे: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, बहुधा किती, आणि वाईटात वाईट किती. मग पहिला अंदाज, मधल्याची चौपट आणि शेवटचा अशी बेरीज करून सहाने भागायचं. समजा एखाद्या कामाला उत्तम स्थितीत १० दिवस, बहुधा १५, आणि वाईट स्थितीत ५०. १० अधिक ६० अधिक ५०, म्हणजे १२०. भागिले सहा, २० दिवस. छान. पण चार्टवर पट्टी किती लांबीची निघाली? २० दिवसांची. ते ५० कुठे गेले? गणितात विरघळले. ज्या माणसाने मनात धाकधूक ठेवून ५० सांगितले होते, त्याची ती धाकधूक कागदावर कुठेच राहिली नाही. पद्धत काढणाऱ्यांना या पसाऱ्याचं मोजमाप ठाऊक होतं, सूत्रात त्याची सोयही आहे; पण वरच्या बैठकीत जातो तो फक्त मधला आकडा.

पोलारिस वेळेत झालं आणि पर्टचा जयजयकार झाला. पुढे १९७२ मध्ये हार्वे सॅपोल्स्की यांनी त्या प्रकल्पावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं मोठं गमतीचं आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या तांत्रिक विभागांनी पर्टचा आधार फारसा घेतलाच नाही, पण त्या रंगीत आलेखांमुळे बाहेरच्यांचा विश्वास बसला आणि त्यांची ढवळाढवळ थांबली, असं ते दाखवतात. म्हणजे आलेखाने काम केलं, पण ते दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगलेल्या लिंबू-मिरचीचं!

इथवर सगळी परदेशी उदाहरणं झाली. आता आपल्या राज्यातलं घेऊ, आणि मुद्दाम शिक्षणक्षेत्रातलं घेऊ, कारण तिथलं आम्हाला थोडंफार कळतं. २०१७ सालचा मुंबई विद्यापीठाचा निकाल. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, काही जण त्या वर्षी तिथे विद्यार्थीही असतील.

१८५७ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी असा निर्णय झाला, की सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि शिक्षकांनी त्या संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. ऑनस्क्रीन मार्किंग. हेतू चांगला होता. कागदी गठ्ठ्यांची ने-आण वाचते, बेरजेच्या चुका टळतात, कोणाची उत्तरपत्रिका कोणाकडे आहे हे लपतं, गैरप्रकाराला वाव कमी होतो. बंगळुरूच्या मेरिटट्रॅक या कंपनीला काम दिलं गेलं ते एप्रिल संपता संपता. परीक्षा तोवर सुरू झालेल्या होत्या. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख. आणि नवा कायदा, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि काहीही झालं तरी ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे.

पुढचं थोडक्यात सांगतो. जून गेला, निकाल नाहीत. जुलैच्या सुरुवातीला राज्यपाल आणि कुलपती चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. ती टळली. मग ऑगस्टमधल्या नव्या तारखा आल्या, त्याही टळल्या. कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना रजेवर पाठवण्यात आलं, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे यांच्याकडे कार्यभार आला. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि २४ ऑक्टोबरला डॉ. देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

वर्तमानपत्रांनी याला तंत्रज्ञानाचा घोळ म्हटलं. आम्हाला हे वर्णन पटत नाही. पडद्यावर तपासण्याची पद्धत मुंबई विद्यापीठाने त्या वर्षानंतर सोडून दिली नाही, ती पुढेही चालू राहिली. पद्धतच वाईट असती तर ती टिकली नसती. मग घोळ कशाचा होता? आमच्या मते अनुमानाचा होता.

न्यायदर्शनातलं ठरलेलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान बरोबर. आता ते उलटं करा: अग्नी आहे, म्हणून धूर आहे. हे चुकतं. लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीतल्या अग्नीबरोबर धूर का येतो? सरपण ओलं असतं म्हणून. हे जे ‘ओलं सरपण’ आहे, जे अनुमान मांडताना आपण बोललोच नाही पण ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं, त्याला नैयायिक म्हणतात उपाधी. लपलेली अट. अनुमान तपासायचं म्हणजे पहिल्यांदा उपाधी हुडकायची.

विद्यापीठाचं अनुमान काय होतं? ऑनस्क्रीन तपासणी आहे, म्हणून निकाल लवकर लागेल. इतरत्र काही अभ्यासक्रमांसाठी ही पद्धत वापरली गेली होती, निकाल लवकर लागलेही होते. धूर दिसला होता. पण ओलं सरपण कोणतं होतं? उत्तरपत्रिका मर्यादित होत्या, तयारीला वेळ मिळाला होता, शिक्षकांना सवय झाली होती. या तीन गोष्टी काढून घ्या आणि मग उरलेल्या अग्नीकडे बघत बसा, धुराची वाट पाहत.

आपण इथे बसून साधं पाटीवरचं गणित करू. आकडा आमचा गृहीत धरलेला आहे, हे आधीच सांगतो. आम्ही स्वतः कित्येक उन्हाळे उत्तरपत्रिका तपासण्यात घालवलेले आहेत, मे महिन्यात, कूलरसमोर, कागद उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवून. प्रामाणिकपणे वाचायचं तर एका उत्तरपत्रिकेला दहा मिनिटं लागतात. पडद्यावर, सवय झाल्यावर, दिवसाला ३० धरू. म्हणजे सलग पाच तास डोळे पडद्यावर. १७ लाख भागिले ३०, सुमारे ५७ हजार शिक्षक-दिवस. पूर्ण ४५ दिवस मिळाले तरी रोज साडेबाराशेच्या वर शिक्षक हवेत, एकही गैरहजर न राहता. स्कॅनिंग उरकेपर्यंत त्यातले २५ दिवस गेले, तर उरलेल्या २० दिवसांत रोज २,८०० च्या वर. यात मॉडरेशन धरलेलं नाही, फेरतपासणी नाही, प्रशिक्षण नाही, लॉगिन होत नाही म्हणून वाया गेलेली सकाळ नाही. आणि हे मे-जूनमध्ये, जेव्हा निम्मा स्टाफरूम गावी गेलेला असतो.

हे गणित करायला सॉफ्टवेअर लागत नाही. चौथीतला मुलगा करेल. तरीही निर्णयाच्या वेळी ते कोणाच्या समोर आलं नसेल का? आम्हाला वाटतं, अशी गणितं नेहमी कोणाच्या ना कोणाच्या समोर असतात. परीक्षा विभागातल्या एखाद्या जुन्या कारकुनाला गठ्ठ्यांची संख्या तोंडपाठ असते. त्याला बैठकीत बोलवत नाहीत, एवढंच.

चार्टवाल्यांच्या भाषेत एक चांगली कल्पना आहे, तिचं श्रेय द्यायला हवं: क्रिटिकल पाथ. कामांची अशी साखळी, की तिच्यातली एक कडी एक दिवस लांबली की सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकीच्या कामांना थोडी सैल असते, या साखळीला नसते. आता मुंबईच्या उदाहरणात ही साखळी कुठून जात होती? सगळ्यांचं लक्ष सॉफ्टवेअरवर, सर्व्हरवर, कंपनीवर. साखळी मात्र जात होती गठ्ठे पोचणं, पानं स्कॅन होणं, आणि शिक्षक पडद्यासमोर येऊन बसणं यांच्यातून. सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या चार्टमध्ये माणसांची सवय ही गोष्ट पट्टी म्हणून काढलेली आम्हाला अजून दिसलेली नाही. ‘युजर ट्रेनिंग: दोन दिवस’ असं असतं. पंचवीस वर्षं लाल पेनने तपासणारा हात माऊसवर जायला दोन दिवस!

जुलैमध्ये घाई सुरू झाली तेव्हा इतर विद्यापीठांच्या शिक्षकांनाही मदतीला बोलावलं गेलं. इथे फ्रेड ब्रुक्स यांची आठवण होणारच. आयबीएमच्या एका प्रचंड सॉफ्टवेअर प्रकल्पाचे ते प्रमुख होते. १९७५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. नव्यांना शिकवायला जुन्यांचा वेळ जातो आणि आपसातली बोलणी वाढतात. हे वाक्य आजकाल कोणीही कुठेही फेकतं, म्हणून जरा थांबून बघू. ज्वारीच्या कापणीला चाराऐवजी आठ माणसं लावली तर कापणी लवकर उरकते. दही विरजायला घरात आठ माणसं असली तरी ते सकाळीच लागतं. उत्तरपत्रिका तपासणं ही कापणी आहे, तिथे माणसं वाढवणं योग्यच होतं आणि त्याचा उपयोगही झाला असणार. पण प्रणाली दुरुस्त करणं, एकाची पानं दुसऱ्याच्या नावावर गेली असतील तर ती शोधणं, हे विरजण आहे. संकटात सापडलेला प्रशासक कोणतं काम कापणीचं आणि कोणतं विरजणाचं हे न पाहता सरसकट माणसं मागतो. ब्रुक्सना नेमका हाच फरक सांगायचा होता. त्यांच्या नावाने चालणारं वाक्य त्यापेक्षा फार ढोबळ आहे.

आता रिस्क रजिस्टर. जोखमीची नोंदवही म्हणा. रकाने ठरलेले: जोखीम कोणती, शक्यता किती, परिणाम किती, जबाबदार कोण, उपाय काय. शक्यतेला एक ते पाच गुण, परिणामाला एक ते पाच गुण, आणि दोन्हींचा गुणाकार. जो आकडा मोठा ती जोखीम लाल, छोटा ती हिरवी.

या गुणाकारावर आमचा आक्षेप आहे. एक ते पाच हे क्रम आहेत, मापं नाहीत. शर्यतीत पहिला आणि पाचवा येतो, म्हणून पाचवा पाचपट हळू धावला असं होत नाही. तपासणी केंद्रावर चहा रोज उशिरा येतो: शक्यता पाच, परिणाम एक, गुणाकार पाच. हजारो उत्तरपत्रिकांची स्कॅन केलेली पानं नाहीशी होतात: शक्यता एक, परिणाम पाच, गुणाकार पाच. नोंदवहीत दोघींचा रंग एक! चहा आणि मुलांचं वर्ष एका रंगात रंगवणाऱ्या पद्धतीला व्यवस्थापन म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. नोंदवहीत नाही म्हणून जोखीम नाही, असं सगळे धरून चालतात. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि वेदान्ती अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानतात: टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून टेबलावर घडा नाही. पण त्याला एक अट आहे. घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. नैयायिक हे वेगळं प्रमाण मानत नाहीत, पण ही अट त्यांनाही मान्य आहे. आता सांगा, ज्या बैठकीत साहेबांनी तारीख आधीच जाहीर केली आहे, त्या बैठकीत ‘ही तारीखच अशक्य आहे’ ही जोखीम असती तर दिसली असती का? कोणी लिहिली असती का? खोलीत अंधार आहे. तिथली कोरी नोंदवही काहीही सिद्ध करत नाही.

आपल्याकडे याहून चांगली नोंदवही फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आठ महाभयांची यादी येते: अग्नी, उदक, व्याधी, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र पशू, सर्प आणि राक्षस. हसू नका, राक्षसांसाठीही जबाबदार माणसं नेमलेली आहेत, अथर्ववेद जाणणारी. उंदरांवर उपाय म्हणून मांजरं आणि मुंगसं सोडायला सांगितली आहेत. पण आमच्या आजच्या कामाचं आहे ते आठवं अधिकरण, व्यसनाधिकारिक. इथे व्यसन म्हणजे संकट, राज्याच्या एकेका अंगावर येणारं. आणि त्यात पहिलं नाव कोणाचं? स्वामीचं, खुद्द राजाचं. राजाचं संकट मोठं की अमात्याचं, असा वाद घालून कौटिल्य निर्णय देतो की राजाचं मोठं. जोखमीच्या यादीत राजाला पहिल्या क्रमांकावर बसवणारा ग्रंथ राजाच्याच कारभारासाठी लिहिला गेला! आमच्या ओळखीतल्या मुलांना आम्ही विचारलं, की बाबा रे, तुमच्या रजिस्टरमध्ये तुमच्या व्यवस्थापकाचं नाव जोखीम म्हणून आहे का? ती नुसती हसली.

आणि तिसरी गोष्ट, जी मुंबईत नव्हती असं आम्हाला वाटतं आणि बहुतेक ठिकाणी नसते: परतीची तारीख. अमुक दिवसापर्यंत इतक्या उत्तरपत्रिका स्कॅन झाल्या नाहीत, तर उरलेल्या जुन्या पद्धतीने कागदावर तपासायच्या, असं आधी लिहून ठेवायचं. अडचण आल्यावर ठरवायचं नाही. तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं, आणि प्रतिष्ठा पणाला लागलेली असते. किंवा पहिल्या वर्षी एकाच शाखेपुरती पद्धत, बाकी कागदावर. यात मोठं तंत्र काही नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या नव्या विमानतळावर सामान हलवणारी संगणकीय यंत्रणा बसवत होते. विमानतळ ऑक्टोबर १९९३ मध्ये उघडायचा होता, तो उघडला फेब्रुवारी १९९५ मध्ये, १६ महिने उशिरा. शेवटी सामान ओढायच्या साध्या गाड्यांची जुनी व्यवस्था उभारावीच लागली, पण घाईत आणि जास्तीचा खर्च करून. परतीचा रस्ता सगळ्यांनाच लागतो. तो आधी बांधला की स्वस्त पडतो.

इथे काही तरुण मंडळी मान हलवताना दिसतात, त्यांच्या मनात काय आहे ते ठाऊक आहे. ‘सर, आता चार्ट कोण करतं, आता अजाइल आहे.’ २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटामध्ये १७ जणांनी बसून तो जाहीरनामा केला, आम्ही तो वाचलेला आहे. छोटे टप्पे, दर दोन आठवड्यांनी काहीतरी चालतं हातात, योजना बदलायची तयारी. विचार चांगला आहे. पण निकालाची तारीख विद्यार्थ्याच्या आयुष्यात बाहेरून येते. त्या २०१७ च्या मुलांना पुढच्या प्रवेशासाठी, परदेशातल्या विद्यापीठांसाठी, नोकरीसाठी गुणपत्रिका हवी होती. त्यांना ‘या स्प्रिंटमध्ये नाही, पुढच्यात’ असं सांगून चालतं का? पेरणीची तारीख मृगावर असते, शेतकरी मृगाला पुढची तारीख देत नाही. तारीख बाहेरून ठरलेली असेल तर कामाचा आकार कमी करावा लागतो. तारीखही तीच, आकारही तोच आणि माणसंही तेवढीच असं म्हटलं, की मग कुठून तरी चोरी करावी लागते. ती बहुधा तपासणीतून, टेस्टिंगमधून होते, कारण ती चोरी लगेच दिसत नाही. उत्तरपत्रिकेच्या बाबतीत ती दहा मिनिटांची चार मिनिटं करून होते. ती कोणत्याच चार्टवर येत नाही.

म्हणून आमचा मूळ आक्षेप पट्ट्यांवर नाही. पट्टीचं टोक हे दोन प्रकारे वाचता येतं. एक, ‘आम्हाला असं वाटतं की हे इथवर होईल’. हे अनुमान, ते चुकू शकतं, नवी माहिती आली की बदलायलाच हवं, बदलणाऱ्याला शहाणा म्हणायला हवं. दोन, ‘आम्ही हे इथवर करू’. हे वचन, ते बदलणाऱ्याला आपण शब्द फिरवणारा म्हणतो. कारागीर पट्टी काढतो ती पहिल्या अर्थाने, आणि वरचा माणूस वाचतो ती दुसऱ्या अर्थाने. चित्र एकच असल्यामुळे ही अदलाबदल कोणाच्या लक्षात येत नाही. मुंबईत उलट्या दिशेनेही हेच झालं. तारीख पुन्हा पुन्हा जाहीर होत गेली. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती वचन म्हणून ऐकली. जाहीर करणाऱ्यांकडे तिच्यामागे अनुमान तरी होतं का, शंका आहे. ती इच्छा होती.

बरं, वेळ होत आला. दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत ते घेतो.

पहिली चिठ्ठी एका ताईंची आहे, मिहानमध्येच काम करतात. लिहितात, ‘सर, तारीख वरून आलेली असते. नाही म्हटलं तर आम्ही निगेटिव्ह ठरतो. मग काय करायचं?’ ताई, नाही म्हणू नका. तारखेच्या शेजारी अट लिहा. ‘३० तारखेला होईल, जर १० तारखेपर्यंत नमुना डेटा मिळाला आणि दोन माणसं दुसरीकडे काढली नाहीत तर.’ ही तुमची उपाधी झाली. ओलं सरपण कागदावर आलं. ईमेलवर पाठवा, तोंडी नको. १० तारखेला डेटा आला नाही तर ११ तारखेला सकाळी कळवा, २९ ला नको. याने तारीख वाचेलच असं आम्ही म्हणत नाही. पण मग चर्चा तुमच्या स्वभावावर होत नाही, डेटावर होते.

दुसरी चिठ्ठी: ‘आमच्या चार्टमध्ये तीन महिने झाले, काम ९० टक्केच दिसतंय. असं का होतं?’ कशाचे ९० टक्के, हे विचारलंय का कोणी? वेळेचे? पानांचे? उरलेल्या भीतीचे? वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले, त्यातला पहिला प्रागभाव: वस्तू होण्यापूर्वीचा तिचा अभाव. कुंभाराच्या चाकावर ९० टक्के घडा नसतो. तिथे माती असते आणि घड्याचा प्रागभाव असतो. घडा झाला की तो प्रागभाव पूर्ण संपतो, टक्क्याटक्क्याने संपत नाही. तेव्हा त्या मोठ्या पट्टीचे दहा तुकडे करा, आणि प्रत्येक तुकड्यापुढे फक्त ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढंच लिहायची परवानगी ठेवा. पुढच्या सोमवारी दहापैकी किती ‘झालं’ येतात ते आम्हाला कळवा. आम्हाला वाटतं सहा येतील.